१९४०चं इंग्लंड: ५८ वर्षांच्या होमगार्डच्या हातात नेमकं काय द्यावं?

विंगेतून: एकांकिकेतलं पात्र केंटमधला शेतकरी आहे, पहिल्या महायुद्धात लढलेला. पहिला प्रवेश मे १९४०, दुसरा सप्टेंबर. कपडे, बंदूक, काम काय दाखवू?

इतिहासवेडा: मे महिन्यात त्याला होमगार्ड म्हणू नका. १४ मेला युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना बोलावलं ते 'लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स' (एलडीव्ही), म्हणजे स्थानिक संरक्षणाचे स्वयंसेवक म्हणून. होमगार्ड हे नाव चर्चिल यांच्या आग्रहानं जुलैत पडलं. तेव्हा पहिल्या प्रवेशात घरचेच कपडे, दंडावर 'एलडीव्ही' अक्षरांची पट्टी आणि शेतावरची छऱ्याची बंदूक. पगार नाही. दिवसा शेत, रात्री टेकडीवर नाहीतर चर्चच्या मनोऱ्यावर पहारा: पॅराशूटनं कोणी उतरतंय का बघायचं आणि कळवायचं.

दुसरा प्रवेश ७ सप्टेंबरच्या रात्री ठेवा. त्या रात्री 'क्रॉमवेल' हा सांकेतिक शब्द सुटला. अर्थ एवढाच, की आक्रमण कधीही होईल. पण काही गावांत जर्मन उतरलेच असं समजून चर्चच्या घंटा वाजवल्या गेल्या. जूनपासून त्या बंद होत्या, फक्त आक्रमणाच्या इशाऱ्यासाठी राखलेल्या, त्यामुळे नाट्य आयतं मिळतं.

काडतूस: सप्टेंबरात अमेरिकेची एम-१९१७ रायफल द्या. पुढच्या लाकडावर दोन इंचांचा लाल पट्टा हवाच. ब्रिटिश पी-१४ दिसायला जवळपास तशीच, पण तिला थ्री-नॉट-थ्रीचं (०.३०३ इंची), बुडाला कड असलेलं काडतूस लागतं; अमेरिकी रायफलीला ०.३० इंची, बिनकडेचं. चुकीचं भरलं की रायफल अडकलीच. जुन्या सैनिकाचा हात सवयीनं थ्री-नॉट-थ्रीकडेच जाणार, म्हणून हा पट्टा.

नटाला आणखी एक शिकवा. एका वेळी पाच गोळ्या भरायच्या. संपल्या की आतली पट्टी वर येऊन बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा) अडवते. रिकामी रायफल बंद करायची तर ती पट्टी अंगठ्यानं दाबून बोल्ट पुढे सरकवायचा. आणि या रायफली जाड ग्रीसमध्ये बुडवून आल्या होत्या. चिंध्या घेऊन नळी पुसत बसलेला म्हातारा दाखवलात तर तो खरा वाटेल.

खाकी_दोरा: आपल्याकडचा होमगार्ड डोळ्यांपुढे आणू नका, ते दल मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६मध्ये उभं राहिलं. इथे डेनिमचा ढगळ जोड घाला. छातीवर पहिल्या युद्धातल्या पदकांच्या फिती चालतील, डिफेन्स मेडल हे दुसऱ्या युद्धातलं पदक मात्र नको. ते १९४५चं, आणि होमगार्डला तीन वर्षांच्या सेवेनंतरच मिळायचं. स्टेनगनही नको, ती त्यांच्याकडे १९४२पासून येऊ लागली.