तितराची पिल्लं: दिसली किती आणि होती किती

तितरांवरच्या चर्चेत कुणीतरी 'वळीव चांगला झाला की तितरांची पिल्लं जास्त' असं म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. पाऊस किती, यापेक्षा कधी, हे महत्त्वाचं. तितराचं घरटं म्हणजे झुडपाच्या बुडाशी उकरलेला खळगा, त्यात साधारण सहा ते आठ अंडी. पिल्लं बाहेर पडली की लगेच आईमागे पळतात, पण पहिले काही दिवस अंगावर नुसती लव. त्याच आठवड्यात गारांचा पाऊस झोडपून गेला तर संपलंच. तोच पाऊस आधी पडला तर वाळवी-किडे वर येतात, आणि कोवळ्या पिल्लांचं पोट किड्यांवरच चालतं, दाण्यांवर नाही.

दुसरं, त्याच चर्चेतल्या 'यंदा जोडीमागे दोनच पिल्लं दिसली' या मोजणीबद्दल. मागच्या मे महिन्यात सासवडकडे आमच्या बांधावर मलाही दोनच दिसली होती. मादी कर्कश ओरडली आणि सगळं गप्प. मी बोरीच्या आडोशाला बसून राहिलो (मुंग्यांनी पाय फोडून काढले, ते वेगळं). दहा-बारा मिनिटांनी तिने हलकं कुकू केलं, तशी ढेकळांतूनच पिल्लं उठली. ढेकूळ समजून ज्याच्याकडे बघत होतो तेही चालायला लागलं! मोजली तर सात. त्यामुळे चालता चालता केलेल्या मोजणीवर माझा फारसा भरवसा नाही. आणि मोजायला थांबायचं तर लांबूनच. पिल्लं विखुरलेली असताना जवळ गेलं की मुंगूस, कावळे टपलेलेच असतात.