'पुढचा मॉडेल येतोय' म्हणून आजची फोनखरेदी किती दिवस लांबणीवर टाकायची?

चेंबूरची ताई:
माझ्या धाकट्या भावाचा फोन पाच वर्षांचा झालाय. सकाळी पूर्ण चार्ज करून निघतो, दुपारी डबा खायच्या वेळेला वीस टक्के. परवा संध्याकाळी परतताना वडाळ्याच्या पुढे गाडीत टीसी आला आणि फोन बंद. पास फोनमध्ये, म्हणजे पास असून विनातिकीट. दंड भरायचे पैसेही फोनमध्येच! शेजारी बसलेल्या काकांनी रोख काढून दिले, म्हणून सुटला.

पैशांची अडचण नाही. बोनसचे वेगळे काढून ठेवलेत. तरी घेत नाही, कारण काय, तर आयफोन अठरा येतोय. आधी सप्टेंबरचा जप चालू होता. आता कुजबुज अशी की सप्टेंबरला फक्त प्रो आणि घडीचा आयफोन येणार आणि साधा अठरा 2027 उजाडल्यावर. कंपनीनं यातलं काही जाहीर केलेलं नाही, आणि हा आणखी काही महिने थांबायला तयार बसलाय. मला हे पटत नाही. फोन आज लागतोय तर आज घ्यावा. कुणीतरी कुठेतरी म्हटलं म्हणून आपल्या घरातला माणूस रोज अडचणीत का राहावा?

पार्ल्याचा वाचक:
ताई, काळजी कळते, पण सगळ्या अफवा एका मापानं मोजू नका. आयफोन सतराचंच घ्या. साध्या मॉडेललाही 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा स्क्रीन मिळणार, हे 2025 च्या सप्टेंबरच्या कितीतरी आधी फुटलं होतं. माझ्या ऑफिसातल्या एकानं जुलैत 79,900 मोजून सोळा घेतला, 60 हर्ट्झ, 128 जीबी. दोन महिन्यांनी सतरा आला 82,900 ला, 120 हर्ट्झ आणि 256 जीबी. तीन हजारांत दुप्पट जागा आणि चांगला स्क्रीन. आणि त्याच आठवड्यात सोळाची किंमत 69,900 झाली. म्हणजे त्याला सोळाच हवा होता तरी दहा हजार वाचले असते. महिन्याच्या पगारातून हप्ता भरणाऱ्या माणसाला ही बातमी आधी कळणं गरजेचं आहे. मी ती शोधून वाचतो आणि इतरांनाही सांगतो.

चेंबूरची ताई:
तुमचा आकडा बरोबर, पण गोष्ट अर्धी सांगितलीत. 120 हर्ट्झची हवा 2020 साली आयफोन बाराच्या वेळीच होती. बारामध्ये आलं नाही. 2021 ला तेरा प्रोमध्ये आलं, साध्या मॉडेलला 2025 ला. ज्यानं 2020 ला थांबायला सुरुवात केली त्यानं पाच वर्षं थांबायचं का?

पंधरा प्रोची बटणंही तशीच. दाबली न जाणारी, नुसतं बोट टेकवल्यावर थरथरणारी बटणं येणार म्हणून मिंग-ची कुओ या नावाजलेल्या विश्लेषकानंच सांगितलं होतं. 2023 च्या एप्रिलमध्ये त्यानंच सांगितलं की तांत्रिक अडचणींमुळे बेत रद्द. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. आधीची बातमी खोटी नव्हती, बेत खरंच होता. कारखान्यातून बाहेर येतो तो त्या दिवसाचा बेत, आणि बेत शेवटपर्यंत बदलतात. भाऊ मात्र त्याला वचन समजून बसलाय.

मनीष मार्केटचा गाळेवाला:
आमचा धंदाच फुटलेल्या बातमीवर आहे, म्हणून बोलतो. नवा फोन हातात आला की गिऱ्हाईक त्याच दिवशी कव्हर मागतं. तेव्हा माल गाळ्यात हवा, म्हणजे साचा त्याआधीच पडायला हवा. तो पडतो फुटलेल्या मापांवर. बहुतेक वेळा मापं बरोबर निघतात, हे मान्य करायलाच हवं.

पण एका कंपनीच्या फोनची चारशे कव्हरं मी अशीच उचलली होती. पहिल्याच पोराला चढवून दिलं तर त्याचा स्क्रीन आपोआप विझायला लागला. कव्हर काढलं की फोन नीट. पुन्हा चढवलं, पुन्हा विझला. पोरगा घाबरला, मला वाटलं फोनच खराब आहे. नखानं चाचपून बघितलं तर बाजूच्या बटणाची खाच दोनेक मिलिमीटर खाली सरकलेली. कव्हरची कड बटण दाबून बसली होती. चारही खोके भंगारात किलोच्या भावानं गेले.

तेव्हापासून मी आधी पन्नासच नग घेतो, बाकीचे फोन हातात आल्यावर. महिनाभर आधीचं माप साच्यात उतरलेलं असतं, त्याच्यावर थोडे पैसे लावता येतात. सहा-आठ महिन्यांपुढच्या बातमीवर मी एक नगसुद्धा उचलत नाही.

दादरच्या दुकानातला सेल्समन:
जुलैपासून रोज ऐकतो, 'आत्ता नको, नवीन येऊ दे'. जुना स्टॉक शोकेसमध्ये तसाच राहतो आणि आमचं टार्गेट बुडतं. ऑसबर्न नावाच्या अमेरिकन कंपनीनं पुढच्या कॉम्प्युटरचा गाजावाजा आधीच केला, हातातल्या मॉडेलची विक्री आटली आणि 1983 ला तिचं दिवाळं निघालं. तिथे कंपनी स्वतः तरी बोलली होती. इथे कुणीच बोललेलं नसतं आणि मार आम्ही खातो.

पार्ल्याचा वाचक:
तुमचं नुकसान खरं आहे, पण म्हणून गिऱ्हाइकानं डोळे मिटून घ्यावेत हे मला मान्य नाही. आणि कंपन्याही तेवढ्या गप्प नसतात. पिक्सेल चारचे फोटो फुटले तेव्हा 2019 च्या जूनमध्ये गूगलनं स्वतःच पाठीमागच्या बाजूचा फोटो टाकला होता, फोन यायला चार महिने असताना.

गाळेवाल्या दादांचा मुद्दा मात्र मी घेतो. मीही बीआयएसची, म्हणजे मालाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी बघतो. भारतात फोन विकायचा तर ती लागतेच. तिथे मॉडेल नंबर दिसला की फोन इथे यायच्या तयारीत आहे एवढं समजतं. किंमत नाही, तारीख नाही, पण निदान कागद असतो. ताई, अठराबद्दल माझ्याकडे असा कागद नाही, हे कबूल. फक्त एक सांगा, सप्टेंबर पंधरा दिवसांवर असता तरी तुम्ही भावाला आजच घे म्हटलं असतं का?

चेंबूरची ताई:
नसतं म्हटलं. पंधरा दिवसांसाठी मीच त्याला पॉवर बँक दिली असती. सहा महिने पॉवर बँक आणि वायर खिशात घेऊन हार्बरच्या गर्दीत कोण चढणार? काल रात्री जेवताना त्याला गाळेवाल्यांची कव्हरची गोष्ट वाचून दाखवली. काही बोलला नाही, पण झोपायच्या आधी सतराची आजची किंमत बघत होता. शनिवारी दोघं दादरला जातोय.