चिनी प्रेमकथा परदेशात का घडतात?

प्रश्न: ‘रन फॉर लव्ह’ (२०१६) हा पाच दिग्दर्शकांनी मिळून केलेला चिनी चित्रपट नुकताच पाहिला. त्यातील प्रेमकथा जपानच्या होक्काइदो बेटावरचे ओतारू शहर, पॅसिफिक महासागरातील अमेरिकेच्या ताब्यातले सायपान बेट अशा परदेशी ठिकाणी घडतात. परदेश ही कथेची गरज आहे की केवळ नेत्रसुखद पार्श्वभूमी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: व्यवसायाचा भाग मोठा आहे. चिनी दिग्दर्शक फेंग शियाओगांग यांच्या २००८ च्या ‘इफ यू आर द वन’मध्ये होक्काइदो दिसले आणि चिनी पर्यटकांची तिकडे रीघ लागली. सायपानला तर २००९ पासून चिनी नागरिकांना अमेरिकी व्हिसाविना जाता येऊ लागले.

उत्तर २: एवढ्यावर भागत नाही, असे मला मनापासून वाटते. जपानी दिग्दर्शक शुंजी इवाई यांच्या १९९५ च्या ‘लव्ह लेटर’ चित्रपटामुळे ओतारूचा बर्फ, तिथले चढउताराचे रस्ते आणि मृत प्रियकराला लिहिलेले पत्र चिनी प्रेक्षकांच्या मनात आधीच घर करून होते, त्यामुळे ‘रन फॉर लव्ह’मधील अभिनेत्री झांग झीयीची कथा तिथे सुरू होते, तेव्हा विरहाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ‘लव्ह लेटर’ अवश्य पाहतो.