शब्दचर्चा: ‘निपमक टोळ्यांचं बंड’ असं लिहावं का?

विचारणा:
नववी-दहावीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या इतिहासावर एक लेख लिहिते आहे. त्यात १६७५-७६ च्या युद्धावर एक परिच्छेद आहे. माझं वाक्य असं: ‘मॅसॅच्युसेट्समधील निपमक टोळ्यांनी इंग्रज वसाहतीविरुद्ध बंड पुकारले.’ व्याकरणात चूक नाही, पण दर वेळी वाचताना अडखळते. भाषा माझी आणि बाजू मात्र इंग्रजांची, असं काहीतरी झालंय. ‘टोळी’ आणि ‘बंड’ या दोन शब्दांना पर्याय हवेत. ‘वॉरियर’ला ‘योद्धा’च म्हणायचं का, तेही सांगा.

उत्तर:
आधी ‘टोळी’चं बघू. आपल्याकडे टोळी कुणाची असते? दरोडेखोरांची, माकडांची, ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची. काही कामासाठी जमायचं आणि काम संपलं की पांगायचं, हा अर्थ त्या शब्दातून जात नाही. निपमक लोक मका, घेवडा, भोपळा पिकवणारे, नद्या-तळ्यांवर मासेमारी करणारे, नावागावाचे लोक होते. क्वाबॉग, हसानामेसिट, पाकाचोग ही त्यांची गावं. ‘जमात’ चालेल, पण १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं आपल्याकडच्या कितीतरी लोकांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं होतं. तो डाग मला त्या शब्दावर अजून दिसतो. ‘आदिवासी’ म्हटलं की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे वारली, गोंड, भिल्ल येतात. ‘मूलनिवासी’ला इथल्या राजकारणातला वेगळाच अर्थ चिकटला आहे. ‘रेड इंडियन’ तर काढूनच टाका. मी नुसतं ‘निपमक लोक’ लिहीन, किंवा ‘निपमक गावं’. लढायचं की नाही हे तिथे गावागावानं ठरवलं, म्हणून दुसरं जास्त अचूक आहे.

उत्तर:
बंड करायला आधी धनी लागतो. इंग्रज त्यांचे धनी होते का, वादाची गोम तिथेच आहे. १६४४ साली या भागातल्या काही प्रमुखांनी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारचं संरक्षण मान्य करणाऱ्या कागदावर खुणा केल्या. इंग्रजांनी त्याचा अर्थ ‘आमची प्रजा झाली’ असा लावला आणि पुढे हत्यार उचलणाऱ्याला राजद्रोही म्हटलं. ‘बंड’ लिहिलं की तो कागद आपणही इंग्रजांच्याच अर्थानं वाचला असं होतं. १८५७ ला कुणी ‘शिपायांचं बंड’ म्हणतो, कुणी ‘उठाव’, कुणी ‘स्वातंत्र्यसमर’. उमाजी नाईकांबद्दलही हेच. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तर शब्द जपून निवडायचा.

युद्धाच्या नावातही हीच गोष्ट आहे. इंग्रज त्याला ‘किंग फिलिपचं युद्ध’ म्हणतात. फिलिप म्हणजे वाम्पानोग लोकांचा प्रमुख मेटाकॉम. १६६० मध्ये प्लिमथ या शेजारच्या इंग्रज वसाहतीच्या न्यायालयानं त्याच्या भावाला अलेक्झांडर आणि त्याला फिलिप ही नावं दिली. म्हणून ‘मेटाकॉमचं युद्ध’ बरं. पण त्या नावाखाली निपमकांचं स्वतःचं कारण झाकलं जाऊ देऊ नका. माटूनस नावाच्या निपमक माणसाच्या मुलाला इंग्रजांनी १६७१ मध्ये फाशी दिलं आणि त्याचं डोकं खांबावर लावलं. हाच माटूनस पुढे पाकाचोगच्या ख्रिस्ती वस्तीचा, इंग्रजांनीच नेमलेला, कॉन्स्टेबल होता. जुलै १६७५ मध्ये मेंडन या इंग्रजांच्या गावावर हल्ला झाला तेव्हा पुढे तोच होता. वर्षभरानं बोस्टनमध्ये त्याला ठार मारण्यात आलं. हे ‘फिलिपला साथ दिली’ एवढ्या तीन शब्दांत मावत नाही.

विचारणा (पुन्हा):
पटलं. पण मग ख्रिस्ती झालेल्या निपमकांना काय म्हणू? इंग्रजीतल्या नावाचं सरळ मराठी केलं तर ‘प्रार्थना करणारे इंडियन’ होतं. एका मैत्रिणीनं ‘प्रार्थनासमाजी’ सुचवलं.

उत्तर:
‘प्रार्थनासमाजी’ नको. १८६७ मध्ये मुंबईत निघालेल्या समाजाशी घोळ होईल. ‘बाटगे’ तर चुकूनही नको, त्यात शिवी आहे. ‘ख्रिस्ती निपमक’ पुरेसं आहे, आणि त्यांच्या गावांना ‘प्रार्थनागाव’. एकदा खुलासा केला की मुलं लक्षात ठेवतात.

या लोकांवर दोन ओळी तरी जास्त द्याच. हसानामेसिटचा वोवाउस मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. १६६३ मध्ये तिथल्या लोकांच्या भाषेत छापलेल्या बायबलवर त्याचे हात फिरले. त्याचं इंग्रजी नाव जेम्स प्रिंटर पडलं, आपल्याकडे चिटणीस, फडणीस अशी कामावरून आडनावं पडली तसं. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांच्यासारखीच प्रार्थना करणारी शेकडो माणसं बोस्टनच्या बंदरातल्या डियर बेटावर नेऊन टाकली. थंडीत, उपासमारीत त्यातली बरीच मेली. १६७६ मध्ये निपमकांकडच्या इंग्रज कैद्यांच्या सुटकेची बोलणी चालली होती, तेव्हा निपमकांच्या बाजूनं पत्र लिहायला बसला तो हाच जेम्स. अशा माणसाला ‘निष्ठावान’ किंवा ‘फितूर’ यातला कुठलाच शब्द लागू पडत नाही.

उत्तर:
‘योद्धा’विषयी. आपला योद्धा एकतर महाभारतातला, नाहीतर लढणं हाच ज्याचा पेशा आहे असा. क्वाबॉगला खडी फौज नव्हती. पेरणी करणारे आणि शिकारीला जाणारेच बंदूक घेऊन उतरले. ‘लढवय्या’ स्वभाव सांगतो, कारण सांगत नाही. मी ‘लढणारे निपमक’ लिहीन.

आणि त्यांचा पुढारी ‘सेचम’ म्हणून तसाच ठेवा. ‘सरदार’ म्हटलं की त्याच्या वर कुणीतरी बसलेला असतो. मुट्टॉम्प हा क्वाबॉगचा सेचम. ऑगस्ट १६७५ मध्ये इंग्रजांच्या ब्रुकफील्डला वेढा पडला तो त्याच्या पुढारपणाखाली, आणि सप्टेंबर १६७६ मध्ये बोस्टनमध्ये त्याला फाशी दिलं. स्त्री-प्रमुखांनाही तिथे वेगळा शब्द होता, सॉन्कस्क्वा. त्यातल्या ‘स्क्वा’चा अर्थ फक्त ‘बाई’. इंग्रजीत त्याची शिवी झाली. ती इतकी घाण झाली की २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं साडेसहाशेच्या आसपास ठिकाणांच्या नावांतून तो शब्द काढला.

‘वसाहत’ शब्द राहू द्या, दुसरा नाही. पण आपल्याकडे औद्योगिक वसाहत असते, रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत असते, म्हणून तो रिकाम्या माळावर घरं बांधल्यासारखा वाटतो. इथे माळ रिकामा नव्हता. म्हणून ब्रुकफील्ड हे इंग्रजी नाव लिहाल तिथे कंसात क्वाबॉग लिहा, ग्राफ्टनपुढे हसानामेसिट.

विचारणा (शेवटची):
वाक्य असं केलं: ‘१६७५ मध्ये निपमक गावांनी आपल्या जमिनीवर पसरत चाललेल्या इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले.’ एक राहिलं: ‘निपमक’चा अर्थ काय?

उत्तर:
‘निप’ म्हणजे पाणी. मूळ रूप ‘निपामॉग’, म्हणजे गोड्या पाण्यातली मासेमारीची जागा. किनाऱ्यावर नव्हे, आत तळ्याकाठी राहणारे लोक. हेच ‘अमॉग’ वेब्स्टर गावच्या तळ्याच्या नावात आहे: चौबुनागुंगमॉग, हद्दीवरची मासेमारीची जागा. ‘तू तुझ्या बाजूला मासे धर, मी माझ्या, मध्ये कुणीच नको’ असा त्याचा अर्थ सांगतात, तो १९२० च्या दशकात तिथल्या एका वृत्तपत्राच्या संपादकानं रचला. मुलांना तोच आधी ऐकायला मिळेल, म्हणून खरा अर्थ लेखात घालाच. आणि हसानामेसिटमधली तीन-चार एकर जमीन निपमकांच्या हातातून कधीच गेली नाही, आजही ती त्यांचीच आहे. म्हणून ‘निपमक लोक तिथे राहत होते’ असं लिहू नका. ‘राहतात’ लिहा.