एअरब्रशसाठी स्वस्तातला कॉम्प्रेसर कुठला घ्यावा? बजेट ७-८ हजार

राजारामपुरीकर
दोन वर्षं झाली स्केल मॉडेल करतोय, १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानं. ब्रशनं पंखांवर रेघा उमटतात त्या काही केल्या जाईनात म्हणून ०.३ एमएम नोझलचा ड्युअल अ‍ॅक्शन (हवा आणि रंग एकाच बटणानं वेगवेगळे सोडणारा) एअरब्रश, म्हणजे हवेनं रंगाचा बारीक फवारा मारणारा पेन, घेतला. घरात टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप पडून होता, त्यावर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय, म्हटलं झालं आपलं काम. कसलं काय, रंग थुंकल्यासारखा उडतोय आणि दहा मिनिटांत पंपाला हात लावला की चटका बसतो. उद्यमनगरात (आमच्या कोल्हापुरातला कारखान्यांचा भाग) एकजण फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचं जुगाड करून देतो म्हणतोय, ऑनलाइन १/५ एचपीचे छोटे पिस्टनवाले दिसतायत, काय करावं? फ्लॅटमध्ये राहतो, खालचे काका आवाजाला लई तापट आहेत.

विमानवाला
भावा ते १५० विसर. तुला लागणार १५ ते २० पीएसआय, पण ते सलग लागणार. टायरच्या पंपाला टाकी नाही, पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला हवा धक्क्यानं येते, म्हणून थुंकतोय (रंग दुधाएवढा पातळ केलायस ना? तो जाड असला तरी हेच होतं). १/५ किंवा १/६ एचपीचा, ३ लिटर टाकीवाला घे, मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा देतो आणि ०.३ ला तेवढी पुरते. ४ बारला (साधारण ६० पीएसआय) आपोआप बंद होतो, ३ ला आला की परत चालू, त्यामुळं सारखा घरघरत पण नाही. बिनटाकीचा हजार-दीड हजारानं स्वस्त दिसला तरी बळी पडू नको, मी पडलोय, वर्षात दुसरा घ्यावा लागला.

जुगाडू
फ्रिजवाला माझ्याकडं आहे. आवाज जवळजवळ नाहीच, रात्री बाराला चालवतो, कुणाला पत्ता नसतो. पण हवेबरोबर तेल येतं, फिल्टर नसला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात, आणि टाकीत प्रेशर असताना ही मोटार परत सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते, त्यामुळं बंद झाल्यावर पाईपमधली हवा सोडणारा व्हॉल्व लागतो. सेफ्टी व्हॉल्व न लावता कुणी देत असेल तर सरळ नाही म्हण. आणि पीव्हीसी पाईपची टाकी कुणी सुचवली तर तिथनं उठून ये, ती फुटली की तुकडे उडतात.

कुंभारगल्ली
आम्ही गणपतीला शेडिंग मारतो, आमचे कॉम्प्रेसर मोठे, तुमच्या उपयोगाचे नाहीत. पण एक सांगतो, कोल्हापूरचा पाऊस. हवा दाबली की गरम होते, पाईपमध्ये गार झाली की पाणी सुटतं, आणि मग बरोबर पितांबरावर थेंब. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) कॉम्प्रेसरला चिकटून लावून फार उपयोग नाही, मध्ये चार-पाच फूट पाईप जाऊ दे आणि मग लाव. काम झालं की टाकीखालचा नळ सोडायचा, रोज. बाकी एअरब्रशच्या पाईपची चकी बहुतेक एक सुताची (१/८ इंच) असते आणि कॉम्प्रेसरचं तोंड कधीकधी दोन सुताचं, ऑर्डर करून रडत बसायच्या आधी बघून घे, अ‍ॅडाप्टर उद्यमनगरात मिळतो. टेफ्लॉन टेप घरात ठेव.

राजारामपुरीकर
पातळ केलाय पण दुधाएवढा नाही, साईएवढा म्हणा 😅 टाकीवाला बघतो मग. आवाज किती पण?

विमानवाला
मिक्सरपेक्षा बराच कमी, फ्रिजपेक्षा जास्त. खाली रबराचं मॅट टाक, फरशीवर ठेवलास तर काकांच्या छताला थरथर जाते. आणि खिडकी उघडून मास्क लावून मार, लॅकर (थिनरवाला उग्र वासाचा रंग) असला तर साधा कापडी चालत नाही, काडतुसवाला लागतो.

राजारामपुरीकर
ऑर्डर टाकली, ३ लिटरचा. मास्क विसरलो होतो, तो पण टाकला. काकांना आधीच सांगून आलो, ते म्हणाले माझ्या नातवाच्या सायकलीत हवा भरून देणार असशील तर वाजव.