मदत हवी आहे: रात्रीच्या ओलितासाठी बाबांना कोणता टॉर्च घेऊन देऊ?

नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. आमचं वावर काटोल तालुक्यात आहे, चार एकर संत्रा आणि उरलेल्यात हरभरा. बाबा ६२ वर्षांचे आहेत, वावर अजून तेच पाहतात. आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाइन रात्रीच मिळते, त्यामुळे बारा-एकला उठून मोटार सुरू करायला जावं लागतं. घरापासून विहीर सातशे मीटरवर, त्यातली अर्धी वाट धुऱ्याधुऱ्याने.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी गावी होतो म्हणून सोबत गेलो. बाबा पुढे, मी मागे. धुऱ्यावरच्या वाळल्या पाल्यात घोणस पडून होती. टॉर्चचा निळसर पांढरा झोत तिच्यावरून फिरला, तरी बाबांना ती दिसली नाही. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तेव्हा पाय थांबला. जेमतेम दोन हातांवर होती. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "या उजेडात माती अन् साप एकच दिसते." तेव्हापासून मला झोप नाही.

मोटारीच्या पेटीपाशी वेगळीच कसरत. एका हाताने पेटीचं झाकण धरायचं, दुसऱ्याने हिरवं बटण दाबायचं आणि अँपिअरचा काटा पाहायचा. म्हणून टॉर्च काखेत. उजेड पेटीवर कमी, विहिरीच्या कठड्यावरच जास्त.

हा टॉर्च मीच सीताबर्डीवरून साडेसहाशेला आणला होता. खोक्यावर १०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप), दीड किलोमीटर पल्ला आणि ९,९०० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सेल असं सगळं छापलेलं. पहिली दहा मिनिटं झकास. अर्ध्या तासाने स्वतःची चप्पल धड दिसत नाही. माझ्या नव्या मोबाइलच्या चार्जरवर तो चार्जच होत नाही, जुन्या चार्जरवर होतो. हे का, तेही कळत नाही.

आता बजेट अडीच हजार, फार तर तीन. बाहेरून मागवलेला चालेल. मावसभाऊ जर्मनीत आहे आणि डिसेंबरात येतोय, त्याच्याकडूनही आणता येईल. किमान चार तास सारखा उजेड हवा, दांडात पडला तरी बंद पडायला नको, आणि बाबांना एका बटणात जमायला हवा. लुमेनचे आकडे कितपत खरे धरायचे? लांब झोताचा घ्यायचा की पसरट उजेडाचा? कृपया स्वतः वापरलेलं सांगा.

प्रतिसाद

भाऊ, आधी तो सेल काढा आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. अशा टॉर्चमध्ये बहुधा १८६५० मापाचा सेल असतो, म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. या मापाचा चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. त्यापेक्षा बराच हलका असेल तर वरच्या नळीत लहानसा सेल आणि बाकी भरताड. या मापात साडेतीन-चार हजार एमएएचच्या वर कुणालाच जाता आलेलं नाही, त्यामुळे ९,९०० हा आकडा दिसला की तिथूनच परत फिरायचं.

लुमेनचा हिशेब घरी करता येतो. ३,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे सुमारे ११ वॉट-तास. चांगली एलईडी एका वॉटमध्ये ढोबळमानाने १०० लुमेन देते. म्हणजे एका सेलमध्ये हजार लुमेन तासभर, किंवा अडीचशे लुमेन चार तास. तुम्हाला लागतंय ते नेमकं हेच. दहा हजार लुमेन खरंच निघाले असते तर सेल सहा-सात मिनिटांत संपला असता आणि टॉर्च हातात धरवला नसता, कारण शंभर वॉट मुठीएवढ्या अॅल्युमिनियमवर पडले असते.

चार्जरचं असं की टॉर्चच्या सी-पोर्टच्या (यूएसबी-सी, चार्जिंगची जागा) आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असावे लागतात. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की चार्जर ते शोधतो आणि ते नसले तर वीज सोडत नाही. स्वस्त मालात तेच गाळलेले असतात. जुन्या चौकोनी पिनेच्या केबलवर चालतं त्याचं कारण एवढंच. नवा घेताना दुकानातच सी-टू-सी केबल लावून बघा. तिथे नापास झाला तर आत आणखी काय काय गाळलं असेल याचा अंदाज येतो.

प्रतिसाद

दादा, मी उमरेडकडच्या जंगलालगतच्या गावांत कामानिमित्त रात्री फिरते, त्यामुळे सापाबद्दल लिहिते. तुमच्या बाबांचं निरीक्षण बरोबर आहे. ६,५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) निळसर उजेडात मातीचे आणि पाल्याचे तपकिरी रंग धुऊन निघतात आणि घोणशीच्या अंगावरचे ठिपके त्यातच जातात. ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा टॉर्च घ्या, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वर असेल तर आणखी बरं. मी गेल्या वर्षी बदलला. मण्यारीचे पांढरे पट्टे आणि वाळक्या काडीची सावली यांतला फरक आता लांबूनच कळतो. पिवळसर उजेडावर किडेही कमी येतात, ओलिताच्या रात्री हा मोठाच आराम.

पसरट की लांब, तर बाबांसाठी पसरटच. साप पायाशी असतो. खोक्यावरचा पल्ला कसा काढतात तेही पाहून ठेवा: झोताची तीव्रता ०.२५ लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढी उतरते ते अंतर. कॅंडेला (झोत किती जोरदार त्याचं माप) दिले असतील तर वर्गमूळ काढून दुप्पट करायचं, १०,००० कॅंडेलाला २०० मीटर. तिथे चांदण्याएवढंच दिसतं, म्हणून कामाचा पल्ला निम्मा धरा. रोही किंवा रानडुक्कर पिकात आहे का हे पाहायला शंभर मीटर पुरतात.

आणि धुई पडली की टॉर्च डोळ्यांजवळ धरू नका म्हणावं, कमरेच्या खाली धरायचा. नाहीतर धुईवरून उजेड उलटून डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा दिसतो. टॉर्च कितीही भारी असला तरी हे होतंच. गमबूट आणि काठीही सोडू नका, एवढं माझं ऐका.

प्रतिसाद

माझं मत वेगळं आहे. गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालेल असाच टॉर्च घ्या. चार्जिंगचा टॉर्च ऐन वेळी मेला की बाराच्या रात्री माणूस काय करणार? मी तीन मोठ्या सेलची जुनी बॅटरी वापरतो, फक्त आतला बल्ब काढून एलईडीचा टाकला आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सेल मोजला, २७ ग्रॅम! सोनाराने दोनदा ठेवून पाहिला. आणि सी-टू-सी केबलचं तंतोतंत निघालं.

काका, तुमचा मुद्दा पटतो. पण आमच्याकडे मोठे सेल दोनदा आत फुटून पाणी सुटलं आणि पितळी पत्ती गंजून गेली. बाबा बॅटरी महिना-महिना खुंटीला टांगून ठेवतात, सेल काढतच नाहीत. म्हणून चार्जिंगचा घेतो, पण तुम्ही म्हणता तसा ऐन वेळी मेला तर म्हणून एक सुटा सेल भरून घरी ठेवीन.

ताई, बाबांना तुमचं धुईचं वाचून दाखवलं. त्यांनी त्याच रात्री टॉर्च कमरेखाली धरून पाहिला आणि म्हणाले, खरंच फरक पडते.

आता एकच अडचण. नेटवर सोफर्न एससी३१ प्रो, वुर्कोस एफसी११ आणि कॉन्व्हॉय एस२ प्लस ही तीन चिनी नावं वारंवार येतात. बाबांसाठी यांतला कोणता?

प्रतिसाद

तिन्ही १८६५० सेलचेच. मी पहिले दोन वापरले आहेत.

सोफर्नमध्ये अँड्युरिल नावाचा प्रोग्रॅम असतो. एकदा दाबलं चालू, धरून ठेवलं की उजेड कमी-जास्त, चारदा दाबलं की लॉक. माझ्यासारख्याला मजा येते, पण अंधारात थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चुकून चारदा दाबलं गेलं तर बाबांना वाटेल टॉर्च बिघडला. त्यांच्यासाठी नको.

कॉन्व्हॉयला मागच्या बाजूला खटका असतो, जुन्या बॅटरीसारखा. मजबूत आहे, पण मूळ मॉडेलमध्ये चार्जिंगचा पोर्ट नाही, वेगळा चार्जर घ्यावा लागेल.

वुर्कोस एफसी११ घ्या. एक बटण, सी-पोर्ट, ९० च्या वरचा सीआरआय, आणि मुख्य म्हणजे बुडाला चुंबक. मोटारीची पेटी पत्र्याची असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, दोन्ही हात मोकळे! मी माझा ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली असाच लावतो. मागवताना ४,००० किंवा ५,००० केल्व्हिनचा आहे ना ते नीट पाहा, तेवढ्यासाठीच तर बदलताय. बाबांना मधला मोड लावून द्या, फुल मोडवर गरम होऊन उजेड आपोआप उतरतो. खिशात चुकून दाबला जाऊ नये म्हणून बुडाचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं.

पाण्याचं पाहताना आयपीएक्स हा आकडा (पाणी किती सोसतं त्याचा दर्जा) बघा: आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दांडात पडणार असेल तर ७ किंवा ८ च घ्या. पोर्टचं रबरी बूच घट्ट लावलेलं नसेल तर मात्र त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, हे बाबांना दाखवून द्या. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडचं ऊन लिथियमला सोसत नाही.

अलीएक्सप्रेसचं अॅप नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद आहे, तेव्हा मावसभावाकडून आणणं बरं. त्याला एवढंच सांगा की सुटा लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवायचा, आणि टोकांवर चिकटपट्टी लावायची.

धागाकर्ता

पेटी पत्र्याचीच आहे. आज बाबांना फोन करून फ्रीजवरचा चुंबक लावून बघायला सांगितला, चिकटला. भावाला एफसी११, ४,००० केल्व्हिन आणि एक सुटा सेल असं कळवलं आहे. तो १८ डिसेंबरला येतोय. तोपर्यंत बाबांसोबत गावातला चुलतभाऊ जाईल, त्याच्याशी बोलून घेतलं. टॉर्च हाती आला की पहिल्या रात्री मी स्वतः धुऱ्यावर जाईन, आणि सेलचं वजन इथेच लिहीन.