सिगरेट सोडवण्यासाठी अ‍ॅव्हर्जन थेरपी: कुणाला अनुभव आहे का?

माझ्या थोरल्या भावासाठी विचारते आहे. वय ५२, सिगरेट कॉलेजपासूनची, रक्तदाबाची गोळी चालू. सकाळी एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, मग कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर चहासोबत, रात्री जेवणानंतर गच्चीत. सोडायची मनापासून इच्छा आहे. बंदही करतो, पण झोप उडते, घरात चिडचिड होते आणि पुन्हा पाकीट येतं.

आता त्याला कुणीतरी अ‍ॅव्हर्जन थेरपी सुचवली आहे. दर सहा सेकंदांनी एक झुरका, मळमळून नकोसं होईपर्यंत. थोडं थांबून पुन्हा तेच. सिगरेट म्हटलं की ओकारी आठवावी, हा हेतू. दुसरा पर्याय विजेच्या हलक्या झटक्याचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत यावर बरेच प्रयोग झाले. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने ते तपासले, तर बहुतेकांची पद्धतच कच्ची निघाली आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

मला धास्ती आहे ती रक्तदाबाची. एवढं निकोटीन एका दमात गेलं तर हृदयाला झेपेल का? वहिनी म्हणते, एकदाची सुटत असेल तर करू दे. तिने इतकी वर्षं सोसलंय, तिला काय सांगू? कुणाच्या घरी हे केलंय का? वर्षभरानंतरही सुटलेलीच राहिली का?

प्रतिसाद:
ताई, रक्तदाब असताना भराभर ओढणं नकोच. नाडी आणि दाब दोन्ही एकदम चढतात. झटक्याचं म्हणाल, तर तो यंत्रातून येतो हे माणसाला पक्कं ठाऊक असतं; टपरीवर यंत्र नसतं.

झोप उडणं, चिडचिड ही निकोटीन तुटल्याची लक्षणं आहेत, किळस बसवून ती जात नाहीत. डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम सुरू करा. बहुतेक जण ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, दादांनी स्वतः फोन करावा.

पहिली सिगरेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत असते का? च्युइंगम २ मिलिग्रॅमचं की ४ चं, हे त्यावरून ठरतं.